राहण्याजोगं स्थळ

नाशकात ज्येष्ठ नागरिक संघाचा कार्यक्रम असो, शाळेतला विज्ञान दिन असो की एखाद्या कॉलनीची व्याख्यानमाला, ऐनवेळी वक्ता गळाला की लोक वाल्मीक काकळीज सरांना फोन करत. सरांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांच्या पोतडीत एक व्याख्यान कायम तयार असे: 'दुसरी पृथ्वी सापडेल का?' विषय जड, पण सर तो असा काही सोपा करून सांगत की आठवीतली पोरंही जांभई द्यायची विसरत.

त्या व्याख्यानात एक हुकमी विनोद होता. "परक्या ताऱ्याभोवतीचा ग्रह राहण्याजोगा आहे की नाही, हे कसं ठरवतात?" असं विचारून सर स्वतःच सांगत, "आपण मुलीसाठी स्थळ बघतो ना, तसंच. मुलीचा बाप तीन गोष्टी बघतो. पहिली, अंतर. फार जवळ नको, फार लांबही नको. ग्रह ताऱ्याच्या फार जवळ असला तर पाण्याची वाफ होते, फार लांब असला तर बर्फ. दुसरी, घराणं तोलामोलाचं पाहिजे. ग्रह फार हलका असला तर हवा त्याच्यापाशी टिकत नाही, फार जड असला तर नुसता वायूचा गोळा. आणि तिसरी?" इथं सर थांबत. मग समोर बसलेले नांदगाव, येवला, सिन्नरकडचे म्हातारे एका सुरात ओरडत, "पाणी हाय का?" की हशा आणि टाळ्या. सरांना त्या टाळ्यांची चटक लागली आहे, हे त्यांच्या बायकोनं, मंगलाबाईंनी, त्यांना एकदा तोंडावर सांगितलं होतं.

मात्र तिसरा प्रश्न खुद्द सरांच्या लेखी विनोद नव्हता. ते नांदगाव तालुक्यातल्या ज्या गावात जन्मले, तिथं होळीलाच विहिरी तळ दाखवायच्या. त्यांची थोरली बहीण कुसाबाई हिला बापानं शेजारच्याच गावात दिली, तेव्हा सोयरीक करताना जमीन विचारली, बैलजोड्या विचारल्या, पाणी तेवढं विचारलं नाही. कुसाबाईनं तीस वर्षं डोक्यावर हंडे वाहिले. आता ती सत्तरीची आहे, आणि मागं वळून बघायचं तर मान वळत नाही, तिला आख्खं अंग वळवावं लागतं. सरांनी ते पाहिलेलं होतं. आपल्या पोरीच्या डोक्यावर हंडा येऊ द्यायचा नाही, हे त्यांनी तिच्या जन्माआधीच ठरवलं होतं म्हणा ना.

ती पोर म्हणजे स्नेहल, सरांची एकुलती एक. बी.एस्सी. झाली, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला आणि कॉलेज रोडच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायच्या नोकरीला लागली. तिच्यासाठी निफाडकडचं स्थळ सांगून आलं, तेव्हा सर मुलाला बघण्याआधी विहीर बघायला गेले. कालवा घरापासून दोनशे पावलांवर. बोअरला बारमाही पाणी. स्वयंपाकघरात नळ, न्हाणीत नळ, गोठ्यातसुद्धा नळ. सरांनी नळ सोडून ओंजळीनं पाणी प्यायलं आणि तिथंच त्यांचं मन भरलं. नाशिकपासून अंतर चाळीस किलोमीटर, म्हणजे ना रोज उठून यावं इतकं जवळ, ना सणाला मुकावं इतकं लांब. द्राक्षबाग, दुमजली घर, निर्व्यसनी मुलगा. नोकरी सोडावी लागेल एवढं एक होतं, पण असलं स्थळ काय रोज येतं का, असं सर म्हणाले. स्नेहलनं होकार दिला. बापाच्या हिशेबावर तिचा लहानपणापासून विश्वास होता.

लग्नानंतर वर्षाच्या आत, नागपंचमीला आली ती परत जायचं नाव घेईना. चौथ्या दिवशी सरांनी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, "पप्पा, तिथं मला श्वास घेता येत नाही."

सर विज्ञानाचे मास्तर. त्यांनी तिला छातीच्या डॉक्टरकडे नेलं. एक्स-रे काढला. घरी आल्यावर सरांनी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि पोरीला दाखवली. "हे बघ, दोन्ही फुफ्फुसं स्वच्छ. काही नाही झालेलं तुला." आणि दुसऱ्या दिवशी आपल्या गाडीतून तिला सासरी सोडून आले. येताना सासरच्यांनी दिलेली पाच किलो बेदाण्याची पिशवी घेऊन आले, आणि मंगलाबाईंना म्हणाले, "माणसं लाख आहेत."

दिवाळीला ती पुन्हा आली, तेव्हा जरा सविस्तर बोलली. मारहाण नव्हती. उपाशी ठेवणं नव्हतं. सासऱ्यांनी, निवृत्तीअण्णांनी, घरात कॅमेरे बसवले होते, त्यातला एक स्वयंपाकघरात. बागेत बसून ते मोबाइलवर बघत, आणि जेवताना सांगत, "सव्वा दहाला तू ओट्यापाशी नुसती उभी होतीस, अकरा मिनिटं." तिचा फोन कपाटात असे, आणि आईचा फोन आला तर स्पीकरवर ठेवून बोलायचं. एकदा ती कशाला तरी मोठ्यानं हसली, तेव्हापासून सासूबाई तिच्याशी थेट बोलतच नव्हत्या. "तिला म्हणावं भाजी निवड," असं समोर उभ्या असलेल्या सुनेबद्दल घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगायच्या. नवरा, राकेश, ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "सवय होईल." नळाला चोवीस तास पाणी असलेल्या त्या घरात सगळे तिला पाण्यात पाहत होते.

सरांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बागाइतदाराच्या घरी कॅमेरे असतातच गं, लाखोंचा माल असतो. आणि सासूचं म्हणशील तर भांड्याला भांडं लागतंच. तुला तिथं काय कमी आहे, ते एक सांग." स्नेहलला सांगता येईना. कमी असं काही नव्हतंच. भाऊबीज झाल्यावर सर तिला पुन्हा सोडून आले. त्या दिवशी ती फाटकातून आत जाईपर्यंत सर गाडीतच बसून होते, आणि तिनं वळून पाहिलं तेव्हा त्यांनी हात हलवला.

आता जानेवारीत ती तिसऱ्यांदा आली होती, एकटी, एसटीनं, एक बॅग घेऊन. आल्यापासून खूप झोपायची. मंगलाबाई पोरीच्या केसांना तेल लावताना रडायच्या आणि सरांसमोर गप्प राहायच्या. त्या घरात चाळीस वर्षं शेवटचा शब्द सरांचाच होता. शुक्रवारी निवृत्तीअण्णांचा फोन आला. "सर, रविवारी दुपारी मी आन राकेश येतो. पोरीला घेऊन जातो." सर म्हणाले, "या." स्नेहल तिथंच सोफ्यावर बसली होती. तिनं मान वर केली, बापाकडं बघितलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

रविवारी सकाळी साडेदहाला सरांचं व्याख्यान होतं, घरापासून दोन गल्ल्यांवरच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये. निघताना स्नेहल म्हणाली, "मीही येते ऐकायला." सरांना बरं वाटलं. पोर खुलतेय, असं त्यांना वाटलं. माणूस स्वतःला हवं तेच बघतो, त्याला विज्ञानाची पदवीही आड येत नाही.

व्याख्यान नेहमीसारखं रंगलं. थंडी कडाक्याची होती, कानटोप्या आणि शाली लपेटून साठेक माणसं आली होती. सर आकाशगंगा सांगून ग्रहांवर आले, ग्रहांवरून स्थळावर आले. अंतर झालं, घराणं झालं, "आणि तिसरी?" म्हणून ते थांबले. "पाणी हाय का?" असं म्हातारे ओरडले. हशा झाला. सरांनी सवयीनं सगळ्या हॉलवर नजर फिरवली. शेवटच्या रांगेत मंगलाबाई मांडीवरच्या पर्सकडं बघत होत्या. स्नेहल सरळ सरांकडं बघत होती, आणि हसत नव्हती.

मग प्रश्नोत्तरं. कॉलनीतल्या लताबाईंना प्रत्येक वक्त्याला काहीतरी विचारल्याशिवाय दुपारचं जेवण जात नसे. त्या उठल्या. "सर, अंतर कळलं, पाणी कळलं. पण तिथली हवा कशी असते?"

"ते बहुतेक ठिकाणी अजून माहीत नाही," सर म्हणाले. "पुष्कळ ग्रहांवर हवा आहे की नाही, हेच कळायचंय."

"अहो, मग राहण्याजोगा कसं म्हणता?"

"राहण्याजोगा म्हणजे, तिथं पाणी पाण्याच्या रूपात राहू शकेल, एवढाच त्याचा अर्थ. माणूस राहू शकेल असं नाही. तिथं कुणी राहतं, असं तर मुळीच नाही. आपण इथं बसून, लांबून, दोन-तीन आकड्यांवरून म्हणतो."

"म्हणजे दुरून डोंगर साजरे म्हणा की!" लताबाई म्हणाल्या, आणि सगळे पुन्हा हसले. हे उत्तर सरांनी शंभर वेळा दिलं असेल. आज ते देताना त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून स्नेहल उठली. शाळेत असताना ती वर्गात त्यांना सर म्हणायची, तसंच आत्ताही म्हणाली. "सर, शुक्राबद्दल विचारायचं होतं. तोही आधी राहण्याजोगाच वाटायचा ना?"

"हो," सर म्हणाले. "शेजारचाच ग्रह. आकार पृथ्वीएवढा, वजन जवळपास तेवढंच. वर सगळे ढग. शंभर वर्षांपूर्वी बऱ्याच जणांना वाटायचं, ढग आहेत म्हणजे खाली पाऊस असेल, रान असेल."

"मग तसं नाही, हे कसं कळलं?"

"यानं पाठवली. जी खाली उतरली, ती तास-दोन तास टिकली फक्त. शिसं वितळेल एवढी उष्णता आहे तिथं. हवा आहे, भरपूर आहे. आपल्या नव्वद पट दाब आहे तिचा. त्या हवेनंच सगळं चिरडतं."

"बंद पडायच्या आधी यानांनी हे कळवलं?"

"कळवलं."

"आणि इथल्या लोकांनी ते खरं मानलं?"

"मानायलाच पाहिजे," सर म्हणाले. "तिथं उतरून कळवणारं दुसरं कोण होतं?" हातातला माइक त्यांनी उगीचच दुसऱ्या हातात घेतला.

"बरं," असं म्हणून स्नेहल खाली बसली. साठ माणसांतल्या कुणाला काही कळलं नाही. अध्यक्षांनी आभार मानले, शाल-श्रीफळ दिलं, चहाबिस्किटं फिरली. सर शाल खांद्यावर घेऊन खुर्चीत बसून राहिले. 'त्या हवेनंच चिरडतं' हे आपण पोरीला सगळ्यांदेखत समजावून सांगितलं, आणि पोरीनं दिवाळीत तेच सांगितलं तेव्हा तिला विचारलं की तुला काय कमी आहे. सरांना स्वतःची लाज वाटली. इतकी वाटली की चहाचा कप त्यांना उचलवेना.

स्नेहल आधीच घरी निघून गेली होती. गल्लीतून चालताना मंगलाबाई म्हणाल्या, "लेकी बोले सुने लागे म्हणतात. आज लेक बोलली, आणि तुम्हालाच बोलली. लागलं का काही?"

"लागलं," सर म्हणाले. "नाही पाठवायची तिला." मंगलाबाई रस्त्यातच थांबल्या आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा चालायला लागल्या.

दुपारी दोनला निवृत्तीअण्णा आणि राकेश आले. सोबत द्राक्षाची पेटी. पाणी झालं, चहा झाला, बागेवर थंडीनं काय परिणाम केला ते झालं. राकेश मोबाइल बघत होता. सर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अण्णा, स्नेहल येणार नाही."

"बरं, मग पुढच्या रविवारी येऊ का?"

"पुढच्या रविवारीही नाही. ती आता तिथं येणार नाही."

निवृत्तीअण्णांना ते समजायला जरा वेळ लागला. मग त्यांचा आवाज चढला. "अवो सर, पण आम्ही काय कमी केलं पोरीला? तुम्ही सोता बघून गेले व्हते. नळ सोडून पाणी पिलं व्हतं तुम्ही आमच्या घरी! लय जीव लावला आम्ही तिला. हात लावला का कुनी? ईचारा ना तिला."

खोटं बोलत नव्हता तो माणूस. त्याला खरंच कळत नव्हतं. दिवाळीत सरांना तरी कुठं कळलं होतं! "तुमच्याकडं कमी काहीच नाही, अण्णा," सर म्हणाले. "पण तिचा तिथं जीव गुदमरतो. तिनं मला दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही, ही चूक माझी. आता ऐकतोय."

राकेशनं पहिल्यांदाच मोबाइलवरून नजर उचलली. "पप्पा, चला," तो बापाला म्हणाला. निवृत्तीअण्णांनी जाता जाता बरंच सुनावलं. शिकलेल्या लोकांना शब्दाची किंमत नाही, चार लोकांत आमची शोभा केली, पोर जन्मभर घरात बसेल तेव्हा आठवण काढाल. सरांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि कडी घातली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हलकं वाटत होतं. आता सगळं मार्गी लागेल, पोर पुन्हा लॅबमध्ये जाईल, घर पहिल्यासारखं होईल, असा लांबलचक विचार दारापासून स्नेहलच्या खोलीपर्यंतच्या दहा पावलांत करून ते तिच्याकडं गेले.

खोली आवरलेली होती. पलंगावर बॅग भरून ठेवलेली, आणि स्नेहल स्वेटर घालून शेजारी बसलेली.

"अगं, सोड ती बॅग आता," सर म्हणाले. "ते गेले. मी नाही म्हणून सांगितलं."

"ऐकलं मी, पप्पा. बॅग त्यांच्यासाठी नव्हती भरली."

"मग?"

"पेठला चाललेय. तिकडच्या एका आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन पाहिजे होती, कंत्राटी. मंगळवारी ऑर्डर आली. उद्या सकाळी हजर व्हायचंय." आदल्या महिन्यात सासरी शेजारच्या घरातल्या पिंकीच्या मोबाइलवरून तिनं अर्ज भरला होता. तिकडची एक नर्स तिला आपल्या खोलीत जागा देणार होती.

सर पलंगाच्या कडेवर बसले. "पेठ कशाला? तिकडं डोंगरात कोण आहे आपलं? इथं राहा ना. इथं तुझी खोली आहे, नोकरी इथंही मिळेल. आता तर मी त्यांना स्पष्टच सांगितलं."

"सांगितलंत. मला बरं वाटलं, खोटं नाही सांगत." स्नेहलनं बॅगेची चेन उघडली, पुन्हा लावली. "पण मला ते दिवाळीत हवं होतं, पप्पा. त्या दिवशी तुम्ही मला काय कमी आहे ते विचारलं, आणि मी रात्रभर आठवत बसले की खरंच काय कमी आहे. मला वाटायला लागलं की माझ्यातच काही बिघाड आहे. तीन महिने तसंच वाटत होतं."

"चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली. तिनं ते रागानं म्हटलं असतं तर सरांना सोसलं असतं.

"मग आता तरी राहा."

"नाही राहता येणार. निवृत्तीअण्णांचा परत फोन येईल, कुणी मध्यस्थ येईल, चार माणसं समजावतील. मी इथं बसून रोज तुमच्याकडं बघत राहीन, की तुम्ही गाडीची किल्ली कधी उचलताय. तुम्ही नाही उचलणार, माहीत आहे. पण मी बघत राहीन." ती उठली. "दर रविवारी मम्मीला फोन करेन. आता माझा फोन माझ्याचकडं असतो."

दारात मंगलाबाई उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं, हे सरांना त्यांच्या हातातल्या डब्यावरून कळलं. पोळ्या बांधलेल्या होत्या, चटणीची बाटली होती. या घरात मंगळवारपासून एक गोष्ट ठरली होती आणि ती सरांना सांगायची कुणाला गरज वाटली नव्हती.

काहीतरी करायला हवं म्हणून ते लगबगीनं बाहेरच्या खोलीत गेले, खुंटीवरची किल्ली घेतली, मफलर गुंडाळला. "चल, तिकडं घाटात अंधार लवकर होतो. मी तुला पेठपर्यंत सोडतो."

स्नेहलनं वाकून त्यांना नमस्कार केला आणि बॅग खांद्याला लावली. "नको, पप्पा," ती म्हणाली. "तुम्ही मला दोनदा सोडलंय. आता माझी मी जाते."

मंगलाबाई चपला घालून डबा घेऊन तिच्याबरोबर जिना उतरल्या. सरांना चला असं कुणी म्हणालं नाही.